मायना नसलेली पत्रं

६ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू जे बोललीस त्यातलं निम्मं मला ऐकू आलं नाही, आणि उरलेलं निम्मं तू बोललीच नाहीस असा माझा अंदाज आहे. म्हणून लिहिते. कानाचं यंत्र घ्या म्हणतात, घेईन. तोवर ई-मेल आहे. पण ई-मेल झाला तरी पत्र पत्रासारखं लिही. मागच्या वेळी तू नुसतं ‘ओके आत्या’ पाठवलंस. त्याला पत्र म्हणत नाहीत, हुंकार म्हणतात.

मुद्दा असा. आमच्या आस्थापना विभागातल्या जुन्या टायपिस्टबाईंच्या जावयाने तुला त्या नोकरीधंद्याच्या साइटवर मेसेज केला. माझ्या सांगण्यावरून केला. त्याला आज एकोणीस दिवस झाले. काल टायपिस्टबाई बँकेच्या रांगेत भेटल्या आणि चार माणसांत म्हणाल्या, “तुमची भाची फारच कामात असते वाटतं!” मला पासबुकात तोंड घालावं लागलं.

मी एकतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात माणसांचे अर्ज हाताळले. एक पत्र उत्तराशिवाय ठेवलं नाही. नकार असला तर तीन ओळींचा नकार. आलेल्या पत्राला उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्या माणसाला उभं करून आपण आत निघून जाणं.

तुमचा रंगाचा कारखाना सप्टेंबरअखेर बंद होतो आहे. हातात चार महिनेही नाहीत. तुझे बाबा काही बोलणार नाहीत. ते जन्मात बोलले नाहीत, म्हणून मला बोलावं लागतं.

तुझी,
आत्या

—

९ जून

ती. आत्यास,
सा. न.

बघ, मायना घातला.

टायपिस्टबाईंच्या जावयाला उत्तर दिलं, उशिराबद्दल माफीही मागितली. त्यांच्याकडे जागाबिगा काही नव्हती. त्यांना मला पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायचं होतं. हे बाईंना सांगू नकोस.

आत्या, तुझ्याकडे अर्ज यायचे ते नोकरीसाठी यायचे. माझ्याकडे काय येतं ते ऐक. आज सकाळी एकशे त्रेचाळीस मेसेज होते. एक गृहस्थ रोज सुविचार पाठवतात. चौघं मला यशस्वी करायला निघालेत, त्यासाठी फक्त त्यांचा कोर्स घ्यायचा. एकाने लिहिलंय, ‘फोटोत तुम्ही प्रसन्न वाटता, रंगांविषयी बोलू या.’ विमेवाले आहेत, घरं विकणारे आहेत. दहाबाराजण माझ्याकडेच नोकरी मागताहेत. माझीच जाणार आहे हे त्या बिचाऱ्यांना कुठे माहीत! उत्तर दिलं की त्याचं उत्तर येतं, नाही दिलं की ‘माझा मेसेज पाहिलात का?’ येतो. ‘नको’ म्हटलं की ‘का नको?’

मी दिवसभर पांढरा रंग बघते. हा पांढरा त्या पांढऱ्यासारखा आहे की नाही, एवढंच आठ तास ठरवायचं. घरी आल्यावर ती साइट उघडायची म्हटली तरी हात उचलत नाही. अकाउंट बंद करून मोकळी झाले असते. पण आमच्या धंद्यातल्या जागा पेपरात येत नाहीत, तिथेच कुणाकुणाच्या बोलण्यात येतात. दुखरा दात आहे, पण घास त्याच बाजूने चावावा लागतो.

ठकी

—

१२ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

रडगाणं पोचलं. आता उपाय.

आमच्या टेबलावर तीन ट्रे असत. पहिला उत्तराचा, दुसरा फायलीचा, तिसरी टोपली. सकाळी आलेलं टपाल साडेअकराला तिन्हींत वाटून झालेलं असे. वाटताना वाचत बसायचं नाही, तीन गोष्टी बघायच्या. मायना आहे का, लिहिण्याचं कारण पहिल्या दोन ओळींत आहे का, आणि शेवटी माणसाने स्वतःचं नाव सांगितलंय का. अनोळखी माणसाला लिहिताना एवढं तरी पाळावं. ज्याला ते जमत नाही, त्याच्यासाठी आपण वेळ का घालवायचा? मायना नसलेलं पत्र थेट टोपलीत. साहेबांनी एकदाही मला ‘हे का टाकलंत’ म्हणून विचारलं नाही.

तुझी किल्ली मला दे. पासवर्ड म्हणतात तो. मला दुपारी काही काम नसतं आणि शब्दकोडी सोडवून कंटाळा आला आहे. महिन्याभरात तुझं टेबल स्वच्छ करून देते.

तुझी,
आत्या

—

१३ जून

ती. आत्यास,
सा. न.

पासवर्ड खाली दिला आहे. खरंच कर. सुटेन मी.

दोनच गोष्टी. तू नुसतं वाटून ठेव, उत्तरं मी देईन. आणि यादीत अगदी खाली काही जुने मेसेज न उघडलेले आहेत, ते तसेच राहू देत.

ठकी

—

२४ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

काम जवळजवळ संपलं. आवक वही घातली आहे. अनुक्रमांक, तारीख, नाव, मजकूर आणि कुठल्या ट्रेत टाकलं ते. जुनी सवय. एकूण नोंदी एकशे एकोणसत्तर. उत्तराला बावीस, फायलीला तीस, बाकी टोपली.

तू उत्तरं देऊ नकोस म्हणालीस, पण बावीस उत्तरं तुझ्याने झाली नसती हे मला माहीत आहे. साहेबांच्या सहीची पत्रं मीच तयार करत असे, यात नवीन काही नाही. सुविचारवाल्याला लिहिलं, ‘आपले विचार उत्तम आहेत, ते आपल्यापाशीच राहू देत.’ प्रसन्न फोटोवाल्याला लिहिलं, ‘रंगांविषयी बोलायला रंगाची दुकानं आहेत.’ विम्याच्या एका मुलीचं पत्र इतकं गोंधळलेलं होतं की मी ते दुरुस्त करून परत पाठवलं. तिने आभार मानले. वळण लावणारं कुणी भेटत नाही हल्लीच्या मुलांना.

आता महत्त्वाचं. त्या खालच्या न उघडलेल्या मेसेजेसचं मला कोडंच पडलं. न उघडलेलं पाकीट टेबलावर ठेवून मी आयुष्यात घरी गेले नाही, म्हणून उघडले. ठकी, तुला लाज वाटायला हवी. तुझ्या पहिल्या कारखान्यातल्या प्रयोगशाळाप्रमुखांची अकरा पत्रं! चार वर्षांतली! आणि काय भाषा. ‘आपल्यासारखी छटेची जाण मी पुन्हा कुणात पाहिली नाही. आपल्या प्रगतीची वार्ता इतरांकडून कळते, आपल्याकडून कळती तर आनंद द्विगुणित झाला असता.’ मायना, कारण, नाव, सगळं जागच्या जागी. याला पत्र म्हणतात.

मी तुझ्या नावाने उत्तर दिलं. वीस मिनिटांत त्यांचा मजकूर आला! ते आता एका मोठ्या कंपनीत आहेत आणि त्यांना प्रयोगशाळेसाठी अनुभवी माणूस हवं आहे. मी कळवलेली तुझी सगळी हकिकत त्यांनी आस्थेने वाचली. ते या आठवड्यात भेटायला येतील. इस्त्रीचे कपडे घाल आणि मान खाली घालून बोलू नकोस.

ती पहिली नोकरी मीच शब्द टाकून मिळवून दिली होती आणि ‘येण्याजाण्याचा त्रास होतो’ म्हणून तू सोडलीस, ते मी विसरले नाही. पण देव एकदा दार लावून घेतो, तेच पुन्हा उघडतोही.

तुझी,
आत्या

—

२४ जून

आत्या,

तू त्याला काय काय लिहिलंस ते शब्दन् शब्द पाठव. आत्ता.

पासवर्ड मी बदलला आहे.

—

२५ जून

चि. ठकीस,

मायना नाही, आशीर्वादाला उत्तर नाही, त्याला ‘अरे-तुरे’. बरं.

वहीत नक्कल आहे, ती देते.

‘आदरणीय महोदय, आपली पत्रं पाहण्यास विलंब झाला, क्षमस्व. आपण माझी आठवण ठेवलीत हे माझं भाग्य. सध्या मी नदीपलीकडच्या युनिटमध्ये रंग-तपासणीत आहे. युनिट सप्टेंबरअखेर बंद होत असल्याने नव्या कामाच्या शोधात आहे. सकाळच्या पाळीला असते, साडेतीनला सुटते. आपली भेट झाल्यास आनंद होईल.’

यात काय चुकलं ते मला कळवावं. पदरचा वेळ घालून केलेल्या कामाचे आभार मी मागत नाही, पण दरडावणीही ऐकून घेणार नाही.

आत्या

—

३ जुलै

ती. आत्यास,

आठ दिवस गेले. तुला दुखवायला गप्प नव्हते. लिहायला बसायची आणि उठायची.

तो गुरुवारी आला. साडेतीनला, गेटसमोर, गाडी लावून. मी तुझं पत्र वाचलेलं होतं, म्हणून पाळी संपल्यावर बाहेर न पडता पहारेकऱ्याच्या खोलीत बसले. सव्वाचारपर्यंत तो हलला नाही. शेवटी आमच्या लॅबमधल्या तंत्रज्ञबाईंनी मला त्यांच्या स्कूटरवर मागच्या गेटने नेलं. शुक्रवारी परत आला. पहारेकऱ्याला म्हणाला, “मॅडमनीच बोलावलंय, हा बघा मेसेज.” आणि आत्या, तो खोटं बोलत नव्हता. मेसेज होता. माझ्या नावाचा. सोमवारपासून मी रजेवर आहे.

आता सांगते, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नाही.

रंग जुळवायचे तर खोलीतले बाकीचे दिवे बंद ठेवावे लागतात. एका पेटीत ठरावीक प्रकाश असतो, त्यात दोन पट्ट्या शेजारी धरून बघायच्या. बाहेरचा उजेड आला तर छटा चुकते, म्हणून दार लावून घेतात. पहिल्या कारखान्यात त्या खोलीला आतून कडी होती. मी पट्ट्या बघत असले की तो येऊन मागे उभा राहायचा. ‘बघू, बघू’ म्हणत. नंतर नंतर कडीचा आवाज यायचा. मी चौदा महिने त्या खोलीत काम केलं. पंधराव्या महिन्यात सोडलं आणि घरी सांगितलं, येण्याजाण्याचा त्रास होतो. तू पत्र लिहिलं होतंस, ‘सव्वा तास प्रवास जगात कोण करत नाही?’ ते अजून माझ्याकडे आहे.

त्याला ब्लॉक का केलं नाही, असं विचारशील. एकदा केलं होतं. आमचा धंदा म्हणजे चार घरं. महिन्याभरात दोघांनी मला येऊन सांगितलं, की साहेब म्हणतात तुला फार शिंगं फुटली आहेत. म्हणून परत काढलं, आणि त्याचे मेसेज न उघडता ठेवायला लागले. उघडला की त्याला दिसतं. न उघडलेला मेसेज म्हणजे बंद दार, एवढंच माझ्या हातात होतं. चार वर्षं ते दार मी धरून ठेवलं.

तुला खरं कारण सांगितलं नाही ही माझी चूक. पण मी म्हटलं होतं, ते तसेच राहू देत. उत्तरं मी देईन. तुझं पत्र सुंदर होतं. फक्त ते माझं नव्हतं.

त्याला काही लिहू नकोस. कुणालाच लिहू नकोस.

ठकी

—

१९ जुलै

चि. ठकी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला सोळा दिवस लागले. माझ्या आयुष्यातला हा उच्चांक आहे.

माफी मागते. ‘पण’ लावणार नाही.

आता तुला एक सांगायचं आहे. ते तुझ्या दुःखावर माझं दुःख ठेवायला नाही, तुला माहीत असायला हवं म्हणून. निवृत्तीच्या आधी नऊ वर्षं, एका सकाळच्या टपालात वहीचा फाडलेला कागद आला. मायना नाही, तारीख नाही, सही नाही. पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पॅकिंगच्या मुकादमाला बायकांच्या पाळीवर ठेवू नका. आम्ही पाचजणी आहोत.’ एवढंच. मी किती वेळ तो कागद हातात धरला असेल? दोन सेकंद. निनावी अर्ज, टोपली.

पुढच्या वर्षभरात पॅकिंगमधल्या पाचजणी एकेक करून सोडून गेल्या. त्यांचे कागद मीच पूर्ण केले. ‘सोडण्याचे कारण’ या रकान्यात पाचही जणींनी लिहिलं, घरगुती. मी एकीला म्हणाले होते, “तुम्हा बायकांना कामाची किंमत नाही.” ती अंगठ्याने शाई पुसत उभी राहिली.

मला तेव्हा आठवलं नाही, असं नाही. चौथीच्या वेळी आठवलं होतं. पण कागद टोपलीतून केव्हाच गेलेला. ज्या पत्राची आवक नाही, त्यावर काय करणार, असं मी स्वतःला सांगितलं. तुझं पत्र आल्यावर मात्र झोपेतही तो ‘घरगुती’ आणि तुझा ‘येण्याजाण्याचा त्रास’ एकाखाली एक दिसायला लागले. एकाच रकान्यात.

त्या मुकादमाचं हस्ताक्षर अतिशय सुरेख होतं, हेही सांगून टाकते.

आता काम. किल्ली माझ्याकडे नाही आणि नको. पण वही आहे. टोपलीत टाकलेले एकशे सतरा मजकूर मी पुन्हा वाचले, पहिल्यापासून, वाचायचे असतात तसे. बहुतेक टोपलीच्याच लायकीचे आहेत. पण अनुक्रमांक अठ्ठ्याऐंशी बघ. तेरा जूनच्या आधीचा आहे. ‘बाहेरच्या भिंतीचा पांढरा दोन पावसाळ्यांत पिवळा का पडतो यावर तुम्ही लिहिलेलं वाचलं. आमचाही तोच घोळ चाललाय. माझं छोटं युनिट आहे, लॅब बघायला कुणी नाही. बोलता येईल?’ मायना नाही, म्हणून टाकलं. बाईचं नाव आहे, युनिटचं आहे. खरं आहे की नाही ते तू तपास. उत्तर द्यायचं की नाही तेही तूच ठरव.

दुसरं. त्या माणसाला मी काही लिहिलेलं नाही. पण मसुदा केला आहे, कारण मला तेवढंच येतं.

‘अमुक तारखेला माझ्या नावाने तुम्हाला गेलेलं पत्र मी लिहिलेलं नव्हतं, ते माझ्या परवानगीशिवाय गेलं. मला तुमच्याशी कोणताही संपर्क नको आहे. मेसेज करू नका, कामाच्या ठिकाणी येऊ नका. यानंतर काही आलं तर ते तुमच्या कंपनीच्या आस्थापना विभागाकडे, आधीच्या सर्व पत्रांच्या नकलांसह जाईल.’

पाठवायचं की नाही, कधी, कुणाच्या सहीने, सगळं तुझ्यावर. ‘परवानगीशिवाय कुणी लिहिलं’ असं विचारलंच, तर माझं नाव, पत्ता आणि हुद्दा दे. कुठेही येऊन मी ते तोंडाने सांगेन.

आत्या

—

२ ऑगस्ट

मायना घालत नाही. वाचतेस का बघू.

तुझा मसुदा पाठवला. माझ्या सहीने. ‘अमुक तारखेला’च्या जागी तारीख घातली आणि एक वाक्य माझं जोडलं, ‘त्या खोलीची कडी मला आठवते.’ बाकी तुझंच ठेवलं. इतकं कोरडं मला लिहिता आलं नसतं. त्याने ते उघडलं हे मला दिसलं. उघडलं, आणि काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी ब्लॉक केलं. यावेळी चार घरांत काय बोलतात ते ऐकायला मी गेले नाही. तंत्रज्ञबाई म्हणाल्या, “बोलू दे गं. आपण सगळ्या मिळून किती जणी निघू, त्याला हिशेब लागणार नाही.” त्यांनाही असं काही माहीत होतं. मी विचारलं नाही.

शिंगं फुटलीत म्हणे. फुटली तर फुटली.

अठ्ठ्याऐंशीला उत्तर दिलं. उशीर का झाला ते नाही सांगितलं. मी ‘आदरणीय’ वगैरे लिहिलं, तर बाईंचं उत्तर आलं, ‘अहो या ना, समोरच बघू.’ त्या बोलतातही तशाच, अर्ध्या वाक्यात. पिवळं पडायचं कारण मला दहा मिनिटांत सापडलं, ते त्यांच्या डब्यात नव्हतंच, पाण्यात होतं. मग त्यांनी लॅब दाखवली. लॅब म्हणजे दोन टेबलं आणि एक बेसिन. रंग बघायची खोली कुठे आहे, ते मी सगळ्यात शेवटी विचारलं.

त्या खोलीला दार नाही, आत्या. जाड काळा पडदा आहे. बाई म्हणाल्या, “दार लावायचं राहून गेलंय, पडद्याने भागतं. लावून देऊ का?”

मी म्हटलं, नको.

एक ऑक्टोबरला रुजू व्हायचं आहे. दमले आहे अजून. आनंद वगैरे होईल नंतर. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही, ते काही विचारतही नाहीत.

इनबॉक्समध्ये पुन्हा चौसष्ट झालेत. बहुतेकांना मी उत्तर देणार नाही. तुला राग आला तरी.

ठकी

—

५ ऑगस्ट

ठकी,

वाचलं. दोनदा.

राग आला नाही. देऊ नकोस.

कानाचं यंत्र घेतलं. आता फोन केलास तर ऐकू येईल. बोलली नाहीस तरी चालेल.

पॅकिंगमधल्या त्या पाचजणींपैकी एकीचा पत्ता टायपिस्टबाईंकडून मिळाला, अंगठ्याने शाई पुसणारीचा. तिला पत्र लिहिलं, टपालाने. कागद मिळाला होता, मी टाकला होता, असं. आज तेरा दिवस झाले. पोस्टमन दोनदा येऊन गेला. तिच्याकडून काही नाही.

दुसरं पत्र मी पाठवणार नाही.

आत्या